पट्टीवरची सूचना वाचणार कोण? दूरचित्रवाणी, रेडिओ आणि सर्वांसाठी सुगमता

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशातील बालाघाट आणि त्याला लागून असलेल्या विदर्भातील गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी घराघरांत सूचना पोहोचवण्याचे दोन जुने मार्ग म्हणजे रेडिओ आणि दूरचित्रवाणी. मात्र रेडिओवरचे निवेदन कर्णबधिर व्यक्तीला ऐकू येत नाही आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी दृष्टिहीन व्यक्तीला दिसत नाही. ऐकू येते आणि दिसतेही, अशा वृद्ध माणसाची अडचण वेगळी असते. पट्टी वाचून होण्याआधी निघून जाते आणि निवेदकाचे शब्द पार्श्वसंगीतात बुडतात. 'पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर संपर्क साधा', एवढेच निवेदक सांगतो आणि क्रमांक मात्र उच्चारत नाही. सूचना प्रसारित झालेली असते. पण ती पोहोचलेली नसते.

प्रसारण आणि पोहोच यांतील हे अंतर कमी करणे म्हणजे प्रसारमाध्यमांची सुगमता. ती मनोरंजनाची सोय आहेच. शिवाय माहितीचा आणि प्रसंगी जिवाच्या सुरक्षिततेचाही तो प्रश्न आहे.

बालाघाटचे उदाहरण

गोव्यातील वाचकाला बालाघाट दूरचे वाटेल. परंतु लहान भाषिक समूहांची अडचण तेथे स्पष्ट दिसते. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हा जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेनंतर नागपूर आधी मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आले, तर बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले. आजही तेथे हिंदीबरोबर मराठी, पोवारी आणि गोंडी बोलल्या जातात. आकाशवाणीचे स्थानिक एफएम केंद्रही तेथे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाखांहून थोडी अधिक, तर साक्षरता सुमारे ७७ टक्के होती. म्हणजे सात वर्षांवरील जवळपास चारांपैकी एका व्यक्तीला वाचता येत नव्हते. अशा ठिकाणी पडद्यावर केवळ अक्षरे दाखवून भागत नाही आणि केवळ बोलूनही भागत नाही.

देशपातळीवर त्याच जनगणनेत २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. श्रवणदोष आणि दृष्टिदोष असलेल्यांची संख्या प्रत्येकी सुमारे ५० लाख होती. साठ वर्षांवरील नागरिक १० कोटींहून अधिक होते. साठीनंतर चारांपैकी एकाहून अधिक व्यक्तींना त्रासदायक श्रवणदोष असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे सुगमतेचा लाभ मिळणारा वर्ग दिव्यांगांच्या नोंदलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

कायदा काय सांगतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४२ नुसार श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम स्वरूपात उपलब्ध व्हावा, यासाठी उपाययोजना करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. श्राव्यवर्णन, सांकेतिक भाषेतील अनुवाद आणि उपशीर्षके या तीन साधनांचा कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे. दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना हाताळता येतील अशा रचनेची असावीत, असेही हेच कलम म्हणते.

या तरतुदीच्या अंमलबजावणीसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने ११ सप्टेंबर २०१९ रोजी दूरचित्रवाणी कार्यक्रमांची मानके जाहीर केली. वृत्तवाहिन्यांनी दिवसातून किमान एक बातमीपत्र सांकेतिक भाषेसह द्यावे आणि इतर वाहिन्यांनी आठवड्यातून किमान एक कार्यक्रम उपशीर्षकांसह किंवा सांकेतिक भाषेसह दाखवावा, अशी सुरुवात ठरली. पुढे हे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवायचे होते.

मात्र या मानकांच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. ती श्रवणदोष असलेल्या प्रेक्षकांपुरती आहेत. दृष्टिहीनांसाठीचे श्राव्यवर्णन त्यांत येत नाही. थेट प्रक्षेपित बातम्या, चर्चा, क्रीडा, जाहिराती यांना सूट आहे. वर्षभराच्या सरासरीने ज्यांचा प्रेक्षकवाटा एक टक्क्याहून कमी, अशा वाहिन्याही वगळल्या आहेत. मोठ्या भाषेतील मोठ्या वाहिनीवर बंधन येते. लहान भाषेतील लहान वाहिनी सुटण्याचा संभव अधिक. बालाघाटचा मराठी प्रेक्षक काय किंवा गोव्याचा कोकणी-मराठी प्रेक्षक काय, ही सूट त्याच्याच वाट्याला येते.

अक्षरे आणि हात

उपशीर्षके दोन प्रकारची असतात. काही चित्रातच कायमची छापलेली असतात. काही प्रेक्षकाला हवी तेव्हा सुरू किंवा बंद करता येतात. दुसरा प्रकार अधिक सोयीचा खरा, पण त्यासाठी वाहिनी, केबलचालक किंवा डीटीएच सेवा आणि घरातला सेट-टॉप बॉक्स या तिन्ही टप्प्यांवर ती अक्षरे शाबूत राहावी लागतात. एका टप्प्यावर दुवा तुटला तरी पडदा मुका राहतो. देवनागरीची आणखी एक अडचण आहे. वर-खाली मात्रा आणि जोडाक्षरे असल्यामुळे लहान आकारात अक्षरे एकमेकांत मिसळतात. गडद पट्टीवर ठळक अक्षर, एका वेळी दोनच ओळी आणि वाचायला पुरेसा अवधी हे साधे नियम पाळले, तरी वाचनीयता बरीच वाढते. चांगली उपशीर्षके कोण बोलत आहे हे सांगतात. दार वाजले, गाडी थांबली, संगीत सुरू झाले, हेही नोंदवतात.

उपशीर्षकांचा लाभ कर्णबधिरांपुरता मर्यादित नाही. गाण्याचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर दाखवले, तर जेमतेम वाचू शकणाऱ्यांचा वाचनसराव वाढतो, या विचारातून ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत काम सुरू केले. पुढे दूरदर्शनच्या 'चित्रहार' आणि 'रंगोली' या कार्यक्रमांत आणि झी टॉकीजवरील मराठी चित्रपटांतही हा प्रयोग झाला.

तरीही अक्षरे सांकेतिक भाषेची जागा घेऊ शकत नाहीत. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांसाठी मराठी किंवा हिंदी ही दुसरी भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती हिंदी वा मराठी वाक्यांचा हातांनी केलेला शब्दशः अनुवाद नव्हे. दूरदर्शनने १९८७ पासून दर रविवारी कर्णबधिरांसाठी बातम्या देण्यास प्रारंभ केला. २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत स्थापन झाले आणि त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार संज्ञा जमा झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये या भाषेतील शिक्षणासाठी पीएम ई-विद्याची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. दुभाषी पडद्यावर दिसतो, पण कोपऱ्यातल्या टिकलीएवढ्या चौकटीत. मग बोटांच्या आणि चेहऱ्याच्या खुणा कळत नाहीत. ब्रिटनमध्ये ही चौकट पडद्याच्या किमान एक षष्ठांश असावी, अशी मार्गदर्शक सूचना वाहिन्यांना दिली गेली.

न दिसणारे दृश्य

दृष्टिहीन प्रेक्षकाला संवाद ऐकू येतात, पण संवादांमधली शांतता रिकामी भासते. त्या शांततेत 'ती पत्र उचलते आणि न वाचताच फाडते' असे एखादे नेमके वाक्य सांगणे म्हणजे श्राव्यवर्णन. दिसते तेवढेच सांगायचे, अर्थ लावायचा नाही आणि संवादावर आवाज चढवायचा नाही, हे त्याचे शिस्तीचे नियम. मराठीला ही कला परकी नाही. नभोनाट्याने केवळ ध्वनीतून रंगमंच उभा केला आणि बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी मैदान न पाहिलेल्या श्रोत्याला क्रिकेटचा सामना दाखवला. त्या अनुभवावर मराठी श्राव्यवर्णनाची लेखनशैली उभी करता येईल.

रेडिओ हे दृष्टिहीनांचे स्वाभाविक माध्यम. ज्या नागपुराशी बालाघाटचे जुने नाते, तेथेच २०२२ मध्ये 'रेडिओ अक्ष' हे दृष्टिहीनांसाठीचे इंटरनेट रेडिओ केंद्र सुरू झाले. नागपूरची ब्लाइंड रिलीफ असोसिएशन आणि 'सक्षम' यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या केंद्रासाठी स्वयंसेवक शैक्षणिक साहित्य आणि पुस्तके ध्वनिमुद्रित करतात. हे प्रसारण इंटरनेटवरून होत असल्याने सीमेपलीकडच्या मराठी श्रोत्यालाही ते ऐकता येते. मात्र त्यासाठी स्मार्टफोन, डेटा आणि पडदा वाचून दाखवणारी प्रणाली वापरण्याचा सराव हवा.

'ऐकू येते, पण कळत नाही'

ज्येष्ठांची ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि ती शब्दशः खरी असते. वयानुसार सर्वप्रथम उच्च स्वरकंपनांची श्रवणक्षमता घटते. स, श, फ, त यांसारखी व्यंजने पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. आवाज वाढवला, की पार्श्वसंगीतही वाढते आणि शब्द अस्पष्टच राहतो. यावरचा खरा उपाय ध्वनिमिश्रणाच्या वेळीच करावा लागतो. बीबीसीने २०१९ मध्ये 'कॅज्युअल्टी' या मालिकेच्या एका भागात प्रेक्षकाला पार्श्वध्वनी कमी करून संवाद पुढे आणण्याची सोय प्रयोगादाखल दिली. आपल्याकडे निर्मात्यांनी निवेदनाखालचे संगीत खाली आणले, तरी मोठे काम होईल, आणि त्याला वेगळा खर्चही नाही.

दुसरा अडथळा रिमोटचा. टीव्हीचा एक आणि सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, बारीक बटणे, इंग्रजीतील सूची. बोलून सांगणारी सूची, मोठी अक्षरे आणि आवाज व वाहिनी बदलण्याची स्पर्शाने ओळखता येणारी बटणे, एवढ्याने अनेक वृद्धांचे आणि दृष्टिहीनांचे परावलंबन कमी होईल.

गोव्यासाठी धडा

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने गोव्यात अनेक भागांची वीज तोडली. वीज गेली, की दूरचित्रवाणी आणि घरचे इंटरनेट बंद पडते. बॅटरीवरचा रेडिओ तेवढा बोलत राहतो. त्या घडीला कर्णबधिर व्यक्तीकडे भ्रमणध्वनीवरील लिखित संदेशाखेरीज काय उरते? म्हणूनच आपत्तीची सूचना एकाच वेळी ध्वनी, अक्षर आणि सांकेतिक भाषा अशा तिन्ही रूपांत द्यायला हवी. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरवून गोव्याने दिव्यांगांच्या समावेशनाचा विषय देशासमोर मांडला. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील दिव्यांगांची संख्या ३३ हजारांच्या घरात होती आणि ज्येष्ठांचे लोकसंख्येतील प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक, म्हणजे राष्ट्रीय सरासरीपेक्षा बरेच जास्त होते. राज्य लहान असल्याने येथे काम आटोक्यातले आहे.

आरंभ अगदी साध्या गोष्टींपासून करता येईल. पट्टीवरची प्रत्येक महत्त्वाची सूचना निवेदकाने वाचून दाखवावी आणि दूरध्वनी क्रमांक दोनदा उच्चारावा. शासनाच्या आपत्कालीन निवेदनांत दुभाषी उभा असावा आणि कॅमेऱ्याने त्याला चौकटीबाहेर ठेवू नये. रेडिओवरील महत्त्वाच्या कार्यक्रमांचा लिखित मजकूर संकेतस्थळावर द्यावा. यंत्राने तयार केलेली मराठी उपशीर्षके माणसाने तपासूनच दाखवावीत. पुराच्या सूचनेत गावाचे नाव चुकणे परवडत नाही. आणि हे सारे ठरवताना कर्णबधिर, दृष्टिहीन आणि ज्येष्ठ प्रेक्षकांना आधी विचारावे.

ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्याने प्रमाण ठरवून दिले आणि २००८ पर्यंत बीबीसीच्या मुख्य वाहिन्यांवरील सर्व कार्यक्रमांना उपशीर्षके मिळाली. आपल्याकडे कायदा आहे, सांकेतिक भाषेचा कोश आहे, नभोनाट्याची परंपराही आहे. वैनगंगेकाठी असो की मांडवीकाठी, पुढच्या पुराची सूचना प्रत्येक घरातील प्रत्येक माणसाला कळली, तरच ती दिली गेली असे म्हणता येईल.