पांढऱ्या रेघांचा टी-शर्ट

मागच्या हनुमान जयंतीला पुतण्या पुण्याहून जामसांवलीला घरी आला. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा. आई म्हणाली, "काय रे हे? वखरलेलं वावर काय?" तो हसला. "नाही आजी, १९६७ साली सापडलेल्या एका ताऱ्याच्या रेडिओलहरी आहेत. एका बँडच्या पहिल्या अल्बमचं हे कव्हर होतं."

बँडचं नाव जॉय डिव्हिजन, गायक इयन कर्टिस. गाव मँचेस्टरजवळचं. एकेकाळी आपल्या वऱ्हाडातला कापूस त्याच मुलखातल्या गिरण्यांत जायचा. १९७६-७७ मध्ये तिकडं पंकचा धुमाकूळ झाला. तो ओसरल्यावर जे उदास, कोरडं संगीत आलं त्याला पोस्ट-पंक म्हणतात. कर्टिस दिवसा नोकरी मिळवून देणाऱ्या सरकारी कचेरीत अपंगांसाठी काम करायचा आणि रात्री गायचा. कचेरीत येणाऱ्या, फेफरं येणाऱ्या एका मुलीवर त्यानं गाणं लिहिलं. पुढं जानेवारी १९७९ मध्ये त्यालाच त्या आजाराचं निदान झालं. गाता गाता स्टेजवर झटका यायचा आणि लोकांना तो नाचाचाच भाग वाटायचा. औषधांनी मन आणखी खचलं, संसार मोडकळीला आला. अमेरिकेच्या दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, १८ मे १९८० ला त्यानं स्वतःला संपवलं. वय २३, घरात वर्षाची मुलगी. त्याच्या शब्दांकडं आपण कधी नीट लक्षच दिलं नाही, असं सोबत्यांनी नंतर कबूल केलं.

हे ऐकताना मला विलास घोगरे आठवले. मुंबईत मुलुंडच्या वस्तीत राहणारा हा शाहीर. रेडिओ नाही, कॅसेट कंपनी नाही. गाणं वस्तीत आणि मोर्च्यात. 'आव्हान'च्या डाव्या मंडळींबरोबर ते गायचे. आनंद पटवर्धनांनी झोपडपट्ट्यांवर केलेल्या १९८५ च्या माहितीपटात त्यांचं गाणं आहे. पुढं ओढगस्तीत दिवस गेले आणि ज्या संघटनेसाठी गायले तिनंच त्यांना दूर केलं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांचा गोळीबार झाला, १० माणसं गेली. चार दिवसांनी विलासरावांनी घरातच जीव दिला. जन्मभर लाल झेंड्याची गाणी गायलेल्या माणसानं जाताना डोक्याला निळं फडकं बांधलं होतं. मित्र गेल्यावर पटवर्धनांनी कॅमेरा उचलला, तो 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला १४ वर्षं लागली.

दोघांचं दुःख एक नव्हे. एकाचा आजार, दुसऱ्याच्या वस्तीवर गोळ्या. पण दोघांचं गाणं लोक ऐकत होते आणि माणूस आत एकटा होता, एवढं मात्र सारखं.

आपल्या जामसांवलीला निजलेल्या मारुतीपाशी फेफरं येणाऱ्यांना, मनानं बिघडलेल्यांना घेऊन लोक लांबून येतात. लहानपणापासून मी ते पाहतोय. तरी आमच्याच घरातलं दिसलं नाही. आमचे मोठे बाबा खंजिरी भजन गायचे. मोठी आई गेल्यावर दोन वर्षं ते फक्त करुणेचीच पदं घ्यायचे. आम्ही मांडवात बसून म्हणायचो, "काय आवाज लागला आज!" ते गेल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, ते रात्र रात्र ओट्यावर बसून राहायचे. झोपच नव्हती त्यांना." भिंतीला भिंत लागून घर, आणि हे आम्हाला काकूंनी सांगावं!

पुतण्याही पुण्यात रात्री गाणी लिहितो म्हणे. परत गेल्यावर मी त्याला फोन केला. गाण्याचं नंतर विचारलं. आधी विचारलं, "झोपतोस का रे नीट?" तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, बोलायचं होतं तुमच्याशी." तासभर बोललो. पुढच्या रविवारी मी पुण्याला निघालोय.

मंडळी, सौंसर-पांढुर्ण्याकडच्या तुमच्या घरातही असा कुणी गाणारा असेल. जे गेले त्यांच्या आठवणी खाली लिहा. जे आहेत त्यांना आज एक फोन करा.