काचेतली चमकोऱ्याची वडी

चमकोऱ्याच्या पानांना बेसन लावायचं, घट्ट वळकटी करायची, वाफवायची आणि सुरीने कापायची. कुठेही कापा, चकतीवर तेच वेटोळं. रोमन मोझेक काचेचं मर्म एवढंच. रंगीत काचेच्या कांड्यांची जुडी बांधायची, तापून मऊ झाली की दोन्ही टोकांनी ओढायची. जुडी बोरूएवढी बारीक होते, पण आतली नक्षी मोडत नाही. नुसती लहान होते. मग चकत्या पाडायच्या. शेजारीशेजारी मांडून भट्टीत जोडल्या की वाडगा, सळईभोवती बसवल्या की मणी.

ही युक्ती मूळची रोमची नव्हे. मेसोपोटेमियात ती इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातच होती. ग्रीक अमलात भूमध्य किनाऱ्यावर ती पुन्हा बहरली आणि रोमन श्रीमंतांच्या घरी पोचली. पुढे फुंकनळीने काच स्वस्त केली, तशी ही वेळखाऊ कला मागे पडली. ‘मिल्लेफिओरी’, म्हणजे हजार फुलं, हे इटालियन नाव तर फार नंतरचं.

या काचेची एक सोयरीक मात्र आपल्या मातीशी आहे. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बसाल्टवर वसलेला. अशा खडकाच्या पोकळ्यांत सिलिकेचे थरावर थर साचतात आणि पट्टेदार अकीक तयार होतो. नागपूरजवळ माहुरझरीला अशा दगडांचे मणी घडत. पहिल्या शतकातला ग्रीक सागरप्रवासाचा ग्रंथ ‘पेरिप्लस’ सांगतो, की पैठणचा पट्टेदार दगड गाड्यांतून भडोचला जाई आणि त्याच बंदरात परदेशी कच्ची काच उतरे. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो, की काचेत रत्नांच्या नकला करतात. आपला दगड तिकडे, त्यांची काच इकडे; आणि दोन्हींचा मूळ माल सिलिकाच.

आपल्या भागात जुन्या वस्त्यांची उत्खननंही झाली आहेत. वर्धा नदीपल्याडचं कौंडिण्यपूर खणणाऱ्या मोरेश्वर दीक्षितांनीच भारतीय काचेचा इतिहास लिहिला. तो १९६९ साली मुंबई विद्यापीठाने छापला. त्याआधी १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी धाम नदीकाठचं पवनार खणलं होतं.

काचेच्या फुटक्या मण्यात नक्षी आरपार दिसली, तर ती वरून रंगवलेली नाही एवढं नक्की. पण इटलीतल्या मुरानोच्या एकोणिसाव्या शतकातल्या मण्यांतही ती आरपारच असते. वय ठरतं ते मणी मातीच्या कोणत्या थरात सापडला यावरून. म्हणून नांगरटीत असा मणी दिसला, तर खिशात टाकू नका. जागेची खूण ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.