स्मरणाचा कप्पा

कचेरीतील पत्रव्यवहाराची सारी भिस्त जेव्हा आवक-जावक बारनिशीवर आणि कारकुनाच्या धारणाशक्तीवर असे, तेव्हा पाश्चात्त्य कार्यालयांनी दिवसांचे 31 आणि महिन्यांचे 12 असे 43 कप्पे योजून, ज्या पत्राचे उत्तर अमुक तारखेस अपेक्षित, त्याची नक्कल त्या तारखेच्या कप्प्यात ठेवण्याची युक्ती रूढ केली. रोज सकाळी कारकून त्या दिवसाचा कप्पा उपसून अनुत्तरित पत्रांची स्मरणपत्रे रवाना करी आणि रिता कप्पा पुढील महिन्यासाठी मागे सारी. आउटलुकमधील तांबडे निशाण, किंवा पत्र दृष्टीआड करून नेमल्या वेळी पुन्हा पुढ्यात ठेवणारी, जीमेलने 2018 साली आणलेली सोय, ही त्याच कप्प्याची वंशज होत. साधन पालटले, तरी या सोयींत तारीख मात्र आजही माणसालाच नेमावी लागते.