अपघाताची नोंद आणि माणसाचे नाव



आमच्या शाळकरी वयात बेळगावहून लोंढ्याकडे निघणाऱ्या गाडीच्या चालकाच्या हाती एक मोठी कडी दिली जाई. तिला अडकवलेल्या पिशवीत पुढील एकेरी मार्गाचा परवाना, म्हणजे टोकन, असे. तो मिळाल्याखेरीज गाडी हलत नसे. या साध्या व्यवस्थेमागे एक करुण इतिहास आहे, आणि त्यातूनच आजचा विषय मला सुचला.

१० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉरविचजवळ थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन प्रवासी गाड्या समोरासमोर आदळल्या. २५ माणसे दगावली. दोन्ही इंजिनांवरील चालक व फायरमन त्यांतच गेले. स्थानकावरील अधिकाऱ्याने समोरची गाडी सोडण्याविषयीचा मजकूर लिहवला होता. त्यावर त्याची सही व्हायची होती, पण तरुण तार-कारकुनाने ती होण्यापूर्वीच तार पाठवली. इकडे अधिकाऱ्याने दुसरी गाडी सोडली. चूक ध्यानी येताच तार रद्द करण्याची धडपड झाली. परंतु पलीकडची गाडी निघून गेली होती. खटल्यात कारकुनाला कैद झाली, अधिकारी निर्दोष सुटला.

त्या कारकुनाचे नाव आजही पुस्तकांत सापडते. मीही ते टिपून घेतले होते. परंतु येथे उच्चारणार नाही. का, ते सांगतो.

ब्रिटनमध्ये १८४० पासून सरकारी निरीक्षक रेल्वेची तपासणी करीत आणि अपघातांचे अहवाल छापले जात. चालक, गार्ड, सिग्नलमन यांचे जबाब त्यांत नावानिशी येत. नोकरी किती वर्षांची, कामावर केव्हा आला, हेही येई. या उघडेपणाचे उपकार थोडे नाहीत. माणसे अतोनात तास राबत होती, हे अशा नोंदींतूनच लोकांपुढे आले, आणि १८९३ मध्ये त्यांच्या कामाच्या तासांविषयी कायदा झाला. त्यात उपयोगी पडले ते तास, नावे नव्हेत. थॉर्पनंतर १८७८ मध्ये एडवर्ड टायर यांनी टॅब्लेट-यंत्र सिद्ध केले. एका वेळी एकच टॅब्लेट बाहेर निघेल, अशी त्याची रचना होती. सुरक्षितता माणसाच्या स्मरणावरून यंत्रावर आली. त्यासाठीही कारकुनाचे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती.

५ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह येथे ३१ जण मृत्युमुखी पडले. लाल सिग्नल ओलांडणारा चालक नवखा होता, आणि तोही त्यात गेला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत दिसले, की त्याचे प्रशिक्षण अपुरे होते, सिग्नल नीट दिसत नव्हता, आणि आधीच्या सहा वर्षांत तो आठ वेळा असाच ओलांडला गेला होता. पुढे २००५ मध्ये तेथे स्वतंत्र तपास-शाखा कामाला लागली. दोष ठरवणे हे तिचे काम नव्हे. कारण शोधणे हे आहे. तिच्या अहवालांत कर्मचाऱ्यांची नावे नसतात, आणि साक्षीदारांची ओळख कायद्याने जपली जाते. निर्भयपणे बोलणारा साक्षीदारच खरे कारण सांगू शकतो, हा त्यामागील विचार.

परंतु खासगीपणाच्या पडद्याआड व्यवस्थेलाही लपता येते. चालकाचे नाव झाकताना त्याचे कामाचे तास, विश्रांती आणि प्रशिक्षणही झाकले, तर त्याच्यावर उपकार होत नाहीत. वाचतो तो वरचा अधिकारी. आपल्या देशात रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. तपास करणारा आणि गाड्या चालवणारा एकच नसावा, हे त्यातील तत्त्व. २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. या दोहोंचा मेळ घालताना मला एक साधी कसोटी पुरेशी वाटते: ज्या माहितीने पुढचा अपघात टळेल ती उघडी असावी, जिने केवळ एका घराची मान खाली जाईल ती झाकलेली असावी.

आपल्या शाळेतून रेल्वेत गेलेल्यांची मुले आज या सभागृहात असतील. उद्या कुणी इतिहासाचा विद्यार्थी जुने अहवाल उघडील, तेव्हा त्याने चुकीचा शोध अवश्य घ्यावा. मात्र चुकलेल्या माणसालाही घर होते, याचा विसर पडू देऊ नये.