तांब्याच्या नळीतली वात

निकामी झालेल्या एका ग्राफिक्स कार्डाच्या कूलरमधून काढलेली तांब्याची नळी मी जपून ठेवली आहे. जाडी 6 मिलिमीटर, दोन्ही टोकं बंद, आणि वजनाला इतकी हलकी की आत काहीच नसावं असं वाटतं. पण एक टोक वाफाळत्या चहात बुडवलं, की दोनचार सेकंदांत दुसरं टोक हातात धरवत नाही. तेवढ्याच लांबीची भरीव तांब्याची कांडी बुडवून पाहिली, तर ती बराच वेळ आरामात धरता येते.

हीच हीट पाइप. ज्याला कॉम्प्युटर शांत हवा आहे, त्याने पंख्याआधी हिची ओळख करून घ्यावी.

हिच्या पोटात थोडंसं पाणी असतं, हवा मात्र जवळजवळ काढून टाकलेली असते. दाब कमी, म्हणून ते पाणी 100 अंशांची वाट न पाहता कोमट असतानाच उकळतं. शाळेत शिकलेलं आठवा: एक ग्रॅम पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला एक कॅलरी पुरते, पण उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे 540 कॅलरी लागतात. एवढी उष्णता पोटात घेऊन वाफ गार टोकाकडे धावते, तिथे ती सोडून देते आणि पुन्हा पाणी होते. मग ते पाणी परत चिपवर टेकलेल्या तापत्या टोकाकडे कोण आणतं? नळी कापून पाहिली तर आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा खरखरीत थर दिसतो. समईतलं तेल ज्या ओढीने वातीतून ज्योतीपर्यंत चढतं, त्याच ओढीने पाणी या थरातून मागे सरकतं. इंग्रजीतही तंत्रज्ञ या थराला वातच म्हणतात. ना मोटर, ना आवाज.

या वातीची कुळकथा कॉम्प्युटरपासून फार लांब सुरू होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पर्किन्स घराण्याने भट्ट्या तापवण्यासाठी पाणी भरलेल्या बंद नळ्या वापरल्या. त्यांत वात नव्हती, त्यामुळे पाणी परत यायचं ते केवळ गुरुत्वाकर्षणाने. वातीची कल्पना जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलरने मांडली. फ्रिजमधली उष्णता हलवण्यासाठी त्याने 1942 साली पेटंटचा अर्ज केला, 1944 साली पेटंट मिळालंही, आणि ते तसंच पडून राहिलं. पुढे 1963 साली न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांना अंतराळातल्या अणुऊर्जा यंत्रणांसाठी असंच काही हवं होतं. त्यांनी ही नळी स्वतंत्रपणे घडवली आणि तिला ‘हीट पाइप’ हे नाव दिलं. अंतराळात वजन नसतं, तिथे पाणी खाली ओघळणार कुठून? तिथे वातीशिवाय गत्यंतरच नव्हतं. 1967 साली अशी नळी अवकाशात पोचली. 1990 च्या दशकात ती लॅपटॉपमध्ये शिरली.

ग्राफिक्स कार्डाला तेव्हा तिची गरजच नव्हती. 1996 सालच्या व्हूडू कार्डावरच्या चिप उघड्याच असायच्या. पण चिप तापत गेल्या आणि 2003 साली एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा आलं. त्याचा पंखा असा घोंगावायचा की लोक त्याला धूळ ओढायचं यंत्र म्हणू लागले. त्याच सुमारास कोरियाच्या झालमन कंपनीने उलटी वाट धरली: कार्डाच्या दोन्ही अंगांना अॅल्युमिनियमचे जाड पत्रे, त्यांना जोडणारी हीट पाइप, आणि पंखा अजिबात नाही. माझ्या मते शांत कार्डाचा खरा जन्म हाच. पुढे 2014 साली असूसने ‘स्ट्रिक्स’ कार्डांत काम हलकं असताना पंखे पूर्ण थांबवण्याची सोय दिली. आज ती बहुतेक कंपन्यांच्या कार्डांत मिळते.

आवाजाचं गणित मात्र कठोर आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो, पण वाराही निम्माच उरतो. उरलेली कसर नळ्यांवर बसवलेल्या पत्र्याच्या पात्यांनी भरून काढायची. म्हणून नळ्या किती, पात्या किती लांब-रुंद आणि पंखे किती मोठे, एवढंच आधी पाहावं. रंगीत दिव्यांनी तापमान एक अंशही उतरत नाही. जीफोर्स आरटीएक्स 4090 सारखं 450 वॉट खाणारं कार्ड पेलायला कूलर तीन-तीन खाचांची जागा अडवतो, तो यासाठीच. कार्डाची वीजमर्यादा थोडी खाली आणली, तर वेग फारसा न घटता पंखे बरेच मंदावतात. हा उपाय फुकटचा आहे आणि सगळ्यात आधी करावा. भार पडल्यावर कार्डावरच्या कॉइलमधून येणारी किरकिर मात्र कोणताही कूलर थांबवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या उन्हाळ्याची. कूलर चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. युरोपातल्या 22 अंशांच्या खोलीत मुकं राहिलेलं कार्ड नागपूरच्या मे महिन्यात बोलू लागेलच, म्हणून इथे गरजेपेक्षा एक पायरी मोठा कूलर घ्यावा. जुन्या कार्डावर वेगळा कूलर चढवणार असाल, तर चिपभोवतीच्या चार भोकांमधलं अंतर आधी जुळवून बघा, आणि मेमरीच्या चिपांनाही गारवा मिळतोय ना, तेही तपासा. दुकानात जाण्यापूर्वी कॅबिनेटचं झाकण उघडून आतली लांबी, कार्डाखालची मोकळी जागा आणि बाजूच्या झाकणापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा, आणि तो कागद बरोबर न्या.