नऊ बाद दोनशे पाच

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, लढाया आणि राज्यारोहणे उभी राहतात. क्रिकेटच्या एका सामन्याला इतिहासाच्या पंक्तीला बसवावे काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येईल. परंतु माणसे घाईने निकाल कसे देतात आणि ते निकाल कसे फिरतात, हे जर इतिहासाने शिकवावयाचे असेल, तर १९४६ सालच्या मे महिन्यातील ओव्हल मैदानावरचे तीन दिवस मला फार मोलाचे वाटतात.

प्रथम काळ लक्षात घ्या. इंग्लंडातील परगण्यांना कौंटी म्हणतात, आणि या कौंट्यांचे संघ दर उन्हाळ्यात अजिंक्यपदासाठी आपसांत खेळतात. महायुद्धामुळे १९४० पासून १९४५ पर्यंत ही स्पर्धा बंद होती. लंडनमधील ओव्हल हे सरे कौंटीचे घर. युद्धकाळात त्याची युद्धकैद्यांच्या छावणीसाठी मोडतोड झालेली होती. कैदी कधी आलेच नाहीत, पण मैदान मात्र उखडले गेले. ते पुन्हा हिरवे करून सरेचा संघ १९४६ च्या वसंतात खेळास उभा राहिला. ते वर्ष सरे क्लबाच्या शताब्दीच्या उत्सवाचे होते. कर्णधार नायजेल बेनेट याला या दर्जाच्या खेळाचा अनुभव फारसा नव्हता. परंतु गोलंदाजीत जुना खंदा आल्फ गोव्हर होता आणि नव्या दमाचा अॅलेक बेडसरही होता. हंगामाच्या आरंभी अशा संघाकडून लोकांनी आशा बाळगली तर त्यात नवल नाही.

समोर होता अखिल भारतीय संघ. वूस्टर येथे दौऱ्याचा पहिलाच सामना गमावून तो आलेला. शनिवार, ११ मे रोजी खेळ सुरू झाला. विजय मर्चंट आणि गुल महंमद यांनी अर्धशतके काढली, पण बाकीचे गडी टिकले नाहीत. धावफलकावर आकडे लागले : नऊ बाद २०५. सरेच्या दृष्टीने याहून चांगला प्रारंभ कोणता? एक गडी टिपावयाचा, आणि संध्याकाळच्या उन्हात आपली फलंदाजी सुरू करावयाची. पाहणाऱ्यांनी मनातल्या मनात डाव मिटवूनही टाकला असेल.

मैदानात होते दहाव्या क्रमांकाचे चंदू सरवटे आणि अकरावे शुटे बॅनर्जी. आता येथे थोडे थांबले पाहिजे. यादीत शेवटी नाव असलेला माणूस खेळातही शेवटचाच असतो, असे आपण सहज धरून चालतो. परंतु सागर येथे जन्मलेले हे सरवटे काही केवळ गोलंदाज नव्हते. ते पूर्वी महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले होते. इतकेच नव्हे, तर १९४५-४६ च्याच हंगामात इंदूरच्या होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध आठ बाद ९१२ धावांचा डोंगर रचला, तेव्हा ज्या सहा जणांनी शतके काढली त्यांत सरवटे एक होते. म्हणजे ओव्हलवर जे घडले त्याला चमत्कार म्हणण्यात त्या माणसावर अन्याय आहे. ही तयारी इंदुरात आधीच झालेली होती; ओव्हलवरच्या प्रेक्षकांपर्यंत तिची वार्ता पोचलेली नव्हती, एवढेच.

त्या दोघांनी तीन तास दहा मिनिटांत २४९ धावांची भर घातली. शनिवार संपला तरी जोडी फुटली नाही. रविवार विश्रांतीचा. सोमवारी पुन्हा तेच दोघे खेळावयास आले. अखेर बॅनर्जी १२१ धावांवर बाद झाले, सरवटे १२४ वर नाबाद राहिले आणि डाव ४५४ वर संपला. सरेचा पहिला डाव १३५ धावांत आटोपला. त्यात सी. एस. नायडूंनी लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. फॉलोऑननंतर सरेने नेटाने ३३८ धावा केल्या खऱ्या, पण याच सरवट्यांनी पाच गडी बाद केले, आणि भारतीय संघ नऊ गडी राखून विजयी झाला. दौऱ्यातला हा पहिला विजय.

शनिवारी दुपारचा निकाल असा मंगळवारी साफ फिरला. पण मंगळवारचा निकाल तरी अखेरचा होता काय? पुढल्याच महिन्यात लॉर्ड्सवर अॅलेक बेडसरने आपल्या पहिल्याच कसोटीत भारताचे अकरा बळी घेतले. आणि सरेने १९५२ पासून १९५८ पर्यंत सलग सात वर्षे अजिंक्यपद जिंकले. मे महिन्यात ओव्हलवर दिसलेली आशा खोटी नव्हती. ती फळास येण्यास सहा वर्षे लागली.

आणखी एक गोष्ट. हा सामना संपला १४ मे रोजी, आणि १६ मे रोजी ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळाने हिंदुस्थान एकसंध ठेवण्याची आपली योजना जाहीर केली. ती योजना टिकली नाही. सव्वा वर्षातच देशाची फाळणी झाली, आणि गुल महंमद व त्यांचे सहकारी अब्दुल हाफीज कारदार पुढे पाकिस्तानकडून खेळले. तो अखंड संघ पुन्हा इंग्लंडला गेला नाही. त्या मैदानावरचा सामना फिरला, पण हा मोठा डाव काही फिरला नाही. प्रत्येक नऊ बाद मागून शतके येतातच, असे इतिहास सांगत नाही, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

दहाव्या आणि अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतके काढावीत, हे प्रथम दर्जाच्या खेळात दुसऱ्यांदा घडले ते २०२४ साली, आपल्या मुंबईत. तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी बडोद्याविरुद्ध शेवटच्या जोडीसाठी २३२ धावा जोडल्या. मधे अठ्ठ्याहत्तर वर्षे गेली. तेव्हा शेवटची जोडी मैदानात उतरली म्हणून घरची वाट धरणाऱ्या प्रेक्षकाचा अंदाज बहुधा बरोबरच ठरेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तरी, शेवटचा गडी बाद होईपर्यंत, आपली जागा सोडू नये.