मुलांना घेऊन युरोप : मोझार्ट कुटुंबाचा साडेतीन वर्षांचा प्रवास

९ जून १७६३. ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागातील साल्झबुर्ग शहरातून एक खासगी घोडागाडी बाहेर पडली. गाडीत पती-पत्नी, ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि एक तरुण नोकर. ही गाडी घरी परतली ती २९ नोव्हेंबर १७६६ रोजी. तोवर मुलगी १५ वर्षांची झाली होती, मुलगा १० वर्षांचा. मधल्या काळात त्यांनी म्युनिक, फ्रँकफर्ट, ब्रसेल्स, पॅरिस, लंडन, द हेग, अॅमस्टरडॅम, लिऑन, जिनिव्हा, झुरिक अशी शहरे पाहिली होती, आणि दोन्ही मुले मृत्यूच्या दारातून परत आली होती.

काळाची खूण म्हणून एवढे लक्षात ठेवावे की, पानिपताला तेव्हा अडीच वर्षेही झाली नव्हती आणि थोरल्या माधवरावांची राक्षसभुवनची लढाई दोन महिन्यांवर आली होती.

मुलाचे नाव वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट. तो पुढे कोण झाला हे सांगण्याची गरज नाही. मुलगी मारिया आना. घरात तिला नान्नेर्ल म्हणत. आईचे नाव आना मारिया, वडिलांचे लिओपोल्ड. शाळेच्या वयाची मुले घेऊन परदेशातील शहरे पाहायला निघालेल्या कुटुंबांपैकी इतकी तपशीलवार माहिती मागे ठेवणारे दुसरे कुटुंब त्या शतकात सापडणे अवघड. कारण लिओपोल्ड सतत पत्रे लिहीत होता. हा धागा संगीताचा नाही. त्या प्रवासाच्या आखणीचा आहे.

लिओपोल्ड साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या दरबारी वादक होता आणि १७६३ च्या आरंभी त्याला उपसंगीतप्रमुखाचे पद मिळाले होते. त्याचा व्हायोलिनवादनावरील ग्रंथ १७५६ साली, म्हणजे वोल्फगांग जन्मला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला होता. मुलांना त्याने शाळेत घातलेच नाही. वाचन, लेखन, गणित, संगीत, सारे घरीच आणि स्वतःच शिकवले. त्यामुळे ‘शाळेचे काय?’ हा आजच्या पालकांना प्रथम पडणारा प्रश्न त्याला पडला नाही. त्याची शाळा गाडीतून बरोबर चालली होती. प्रश्न होता तो नोकरीतील रजेचा. आर्चबिशप श्राटेनबाख याने ती उदारपणे दिली.

हा प्रवास अचानक ठरलेला नव्हता. १७६२ च्या जानेवारीत म्युनिकची तीन आठवड्यांची छोटी फेरी झाली होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निघून, व्हिएन्ना गाठून मुलांनी सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे वादन केले होते. त्या मुक्कामात वोल्फगांग आजारी पडला, कार्यक्रम रद्द झाले आणि उत्पन्न थांबले. लिओपोल्डने त्यातून काही धडे घेतले. भाड्याच्या गाड्यांतून मुलांची हाडे खिळखिळी होतात, हे कळल्यावर त्याने परतण्यापूर्वीच स्वतःची प्रवासी गाडी विकत घेतली. नोकर निवडला तोही विचारपूर्वक. सेबास्टियन विंटर केशरचना जाणणारा होता, आणि दरबारात जायचे तर केसांचे टोप नीटनेटके असणे अनिवार्य होते.

वेळही योग्य साधली. युरोपला सात वर्षे जाळणारे युद्ध १७६३ च्या फेब्रुवारीत तहाने संपले होते आणि रस्ते पुन्हा मोकळे झाले होते.

आता पैसा. साडेतीन वर्षांची रोकड गाडीत घालून निघणे म्हणजे दरोडेखोरांना आमंत्रणच. इथे कामी आला लोरेन्झ हागेनाउअर, साल्झबुर्गमधील व्यापारी आणि मोझार्ट कुटुंबाचा घरमालक. वोल्फगांगचा जन्म त्याच्याच घरात झाला होता. हागेनाउअरच्या पतीवर वेगवेगळ्या शहरांतील पेढ्यांकडून लिओपोल्ड पैसे उचलू शकत होता. आपल्याकडील सावकारी हुंडीच्या जवळपासचा हा प्रकार. त्यामुळे लिओपोल्डची बहुतेक पत्रे याच घरमालकाला आहेत. त्यांत हिशेब आहे, बातम्या आहेत, गावातील ओळखीच्यांना वाचून दाखवण्यासाठी सजवलेली वर्णनेही आहेत. ज्याने पैसा पुरवला त्याला ‘सगळे ठीक चालले आहे’ असे वाटत राहणे गरजेचे होते. ही पत्रे वाचताना ते विसरता कामा नये.

शिवाय ही निव्वळ सहल नव्हतीच. मुलांच्या वादनातून खर्च भागवायचा, उरले तर साठवायचे, असा बेत होता. अशा वेळी मार्ग ठरतो तो राजदरबारांच्या सोयीने. उन्हाळ्यात राजे-रजवाडे शहर सोडून ग्रामीण प्रासादांत जात, म्हणून गाडीही त्यांच्या मागे म्युनिकजवळच्या निम्फेनबुर्गला, लुडविग्सबुर्गला, श्वेट्झिंगेनला गेली. वाटेत आउग्सबुर्ग या स्वतःच्या जन्मगावी लिओपोल्डने श्टाइन या कारागिराकडून एक छोटे प्रवासी वाद्य घेतले. मुलांचा सराव मुक्कामावर बुडू नये, म्हणून.

बेत पक्का असला, तरी पहिल्याच टप्प्यात वासरबुर्गजवळ गाडीचे चाक मोडले. दुरुस्ती होईपर्यंत करायचे काय? मुलांना घेऊन अडकलेल्या कोणत्याही बापापुढचा हा प्रश्न. लिओपोल्ड मुलाला गावच्या चर्चमध्ये घेऊन गेला आणि ऑर्गनची पायपट्टी कशी चालते ते त्याला समजावले. वोल्फगांगने स्टूल बाजूला सारले आणि उभ्यानेच, पायांनी पट्ट्या दाबत वाजवायला सुरुवात केली. त्याचे पाय बसून पोचत नव्हते, हे त्यामागचे साधे कारण असावे.

फ्रँकफर्टच्या कार्यक्रमाला १४ वर्षांचा एक मुलगा श्रोत्यांत होता. टोप घातलेला, कमरेला छोटी तलवार लावलेला तो चिमुकला वादक त्याला म्हातारपणीही आठवत होता. त्या श्रोत्याचे नाव योहान वोल्फगांग ग्योटे.

१८ नोव्हेंबर १७६३ रोजी कुटुंब पॅरिसला पोहोचले. बव्हेरियाचे राजदूत व्हान आयक यांच्या घरी उतरण्याची सोय झाली. लिओपोल्डजवळ शिफारसपत्रांची चळत होती, पण उपयोगी पडले ते एकच, मेल्खिओर ग्रिम या लेखकासाठी आणलेले. बाकीच्यांनी दारे उघडली नाहीत. ग्रिमने सगळी उघडून दिली. १ जानेवारी १७६४ रोजी व्हर्साय येथे राजघराण्याच्या जाहीर भोजनप्रसंगी वोल्फगांग राणीशेजारी उभा होता. राणी त्याच्याशी जर्मनमध्ये बोलत होती आणि जर्मन न जाणणाऱ्या पंधराव्या लुईला त्याचा अर्थ सांगत होती.

पत्रांत मात्र दरबाराइतकीच जागा पाण्याला आहे. सेन नदीचे पाणी न उकळता प्याल्यास परदेशी माणसाचे पोट बिघडते, म्हणून ते उकळून, निवळू देऊन प्यावे लागते, हे लिओपोल्ड सविस्तर कळवतो. व्हर्सायमध्ये भाड्याच्या गाड्या मिळत नाहीत. पावसात दरबारी कपडे भिजू नयेत म्हणून माणसांनी उचलायच्या बंद खुर्च्या घ्याव्या लागतात आणि त्यांचा खर्च किती होतो, हेही तो तक्रारीच्या सुरात लिहितो. संगीताचे इतिहासकार हा भाग बहुधा गाळतात. ते त्यांचे नुकसान आहे.

पॅरिसमध्ये एक निर्णय लिओपोल्डने घेतला, किंवा घेतला नाही. देवीच्या रोगापासून बचाव म्हणून सौम्य देवी टोचून घेण्याची पद्धत तेव्हा युरोपात पसरत होती. जेनरची गोस्तन देवीची लस यायला अजून तीन दशकांहून अधिक काळ होता. मुलाला टोचून घ्या, असा आग्रह लोकांनी केला. लिओपोल्डने ते ईश्वराच्या कृपेवर सोडले.

एप्रिल १७६४ मध्ये कुटुंब कॅलेला पोहोचले. डोंगरात वाढलेल्या या माणसांनी समुद्र पाहिला. नान्नेर्लने आपल्या वहीत नोंद केली की, समुद्र दूर पळतो आणि पुन्हा वाढत येतो. ‘भरती-ओहोटी’ हा शब्द तिच्यापाशी बहुधा नव्हता. पाहिले ते तिने लिहिले. गाडी कॅलेत ठेवून त्यांनी बोट केली. खर्च हलका व्हावा म्हणून लिओपोल्डने काही सहप्रवासीही घेतले. बोट लागून सगळेच बेजार झाले.

२३ एप्रिलला लंडन. तिथे सेसिल कोर्टात एका केशकर्तनकाराच्या घरी खोल्या घेतल्या. लोक रस्त्यात परदेशी पोशाखाकडे पाहतात, म्हणून ताबडतोब इंग्रजी कपडे आणि टोप्या खरेदी झाल्या. चारच दिवसांत तिसऱ्या जॉर्जपुढे वादन झाले आणि २४ गिनी मिळाल्या. जूनमधील जाहिरातींत मुलीचे वय ११ आणि मुलाचे ७ छापले गेले. प्रत्यक्षात ती १२ पूर्ण होती आणि तो ८. वय कमी तितके तिकीट अधिक खपते, हे बापाला नेमके कळले होते.

लंडनमधील नान्नेर्लच्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. बाग, लहान हत्ती, वेस्टमिन्स्टरचा पूल, टॉवर, क्यू येथील राजाचे उद्यान, रिचमंडहून दिसणारा देखावा अशी यादी ती करते. तिच्यात एक गाढव आहे, पांढऱ्या आणि कॉफीरंगी पट्ट्यांचे; ते पट्टे इतके सारखे की कुणी रंगवूनही इतके नीट जमणार नाहीत. तो राणी शार्लटचा झेब्रा होता. टॉवरमध्ये सिंहांच्या गर्जनेने वोल्फगांग घाबरला, हे लिओपोल्डने कळवले आहे. राजाराण्यांपुढे न बुजणारे पोर सिंहापुढे मात्र पोरच राहिले.

जुलैत लिओपोल्ड गंभीर आजारी पडला. हवापालटासाठी कुटुंब चेल्सीला हलले. घरात शांतता हवी होती, म्हणून वाद्यांना हात लावायला बंदी. त्या सक्तीच्या शांततेत वोल्फगांगने आपली पहिली सिंफनी लिहायला घेतली. नान्नेर्ल शेजारी बसून नकला करत होती आणि हॉर्नला काहीतरी चांगले काम द्यायची आठवण कर, असे तो तिला सांगत होता. ही आठवण पुढे तिनेच नोंदवली.

पुढच्या वर्षी मात्र लंडनचे कुतूहल ओसरले. १७६५ च्या जुलैत ही मुले कॉर्नहिलमधील एका खानावळीच्या मोठ्या खोलीत रोज दुपारी १२ ते ३ या वेळेत, येईल त्याच्यापुढे, माणशी अडीच शिलिंगांत वाजवत होती. आदल्या वर्षी तिकीट अर्ध्या गिनीचे, म्हणजे साडेदहा शिलिंगांचे होते. पत्रांत या उतरणीबद्दल फारसे नाही.

इथे आखणी मोडली. लिओपोल्डला हॉलंडला जायचे नव्हते. परंतु इंग्लंड सोडताना डच वकिलाने कँटरबरीजवळ गाठून गळ घातली की, नासाउ-वाइलबुर्गच्या राजकन्या कॅरोलिन यांना हा मुलगा पाहायचा आहे. राजकन्या गरोदर होत्या आणि गरोदर स्त्रीला नाही म्हणू नये, असे कारण लिओपोल्डने घरी कळवले. डोहाळे पुरवण्याची ही समजूत आपल्या वाचकाला नवी वाटणार नाही. लीलमध्ये आधी वोल्फगांग आणि मग लिओपोल्ड आजारी पडून चार आठवडे गेले. सप्टेंबरात द हेगला पोहोचताच नान्नेर्लने अंथरूण धरले.

तो विषमज्वर असावा. दरबारी निमंत्रणे थांबली नव्हती. बाप धाकट्याला एकट्याला घेऊन वादनाला गेला. २१ ऑक्टोबरला नान्नेर्लला मरणासन्न ख्रिस्ती माणसाला देतात तो तैलसंस्कार देण्यात आला. आई-वडील तिच्या उशाशी बसून तिची मरणासाठी मनाची तयारी करून घेत होते, या जगात खरे काही नाही असे तिला समजावत होते. शेजारच्या खोलीत वोल्फगांग वाद्यावर रमला होता. हे सारे लिओपोल्डच्याच पत्रात आहे. राजकन्येने श्वेंके नावाचे वृद्ध वैद्य पाठवले, त्यांनी उपचार बदलले आणि मुलगी वाचली. ती उठून बसते न बसते तोच नोव्हेंबरात वोल्फगांग त्याच तापाने पडला. काही काळ तो बेशुद्ध होता. उठला तेव्हा हाडांचा सापळा उरला होता. जानेवारी १७६६ मध्ये दोघे पुन्हा व्यासपीठावर होते.

परतीची वाट पॅरिस, लिऑन, स्वित्झर्लंड आणि म्युनिक अशी झाली. म्युनिकमध्ये वोल्फगांग पुन्हा आजारी पडला.

देवीचा हिशेब बाकी होता. तो १७६७ च्या शरदात झाला. राजकन्येच्या विवाहसोहळ्यासाठी कुटुंब व्हिएन्नाला गेले असताना शहरात साथ आली आणि ती वधूच दगावली. लिओपोल्ड मुलांना घेऊन मोराव्हियात पळाला. ओलोमोउत्सला वोल्फगांगला देवी आल्याच, पाठोपाठ नान्नेर्ललाही. नऊ दिवस वोल्फगांगला दिसत नव्हते. दोघेही वाचली.

१३ डिसेंबर १७६९ रोजी साल्झबुर्गहून पुन्हा गाडी निघाली, या वेळी इटलीकडे. गाडीत लिओपोल्ड आणि वोल्फगांग होते. नान्नेर्ल आता १८ वर्षांची होती. तिच्या नावाने जाहिरातीत वय छापण्याचे दिवस संपले होते आणि चौघांचा खर्चही परवडणारा नव्हता. ती आईबरोबर घरी राहिली. कॅलेचा समुद्र आणि लंडनचे पट्टेदार गाढव असलेली तिच्या वहीची पाने मात्र टिकली आहेत.